गुडघा बदलला, काम बदललं का?

(कात्रज परिसरातल्या घरकामगार, कचरावेचक आणि बचत गटांच्या मैत्रिणींसमोर केलेलं हे भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज गुडघ्यावर बोलायचं आहे असं मी कळवलं, तेव्हा दोघीतिघींनी हसून विचारलं, "ताई, बाईच्या प्रश्नात गुडघा कुठून आला?" त्यांचं हसणं समजण्यासारखं आहे. बाईचं आरोग्य म्हटलं की आपण आजवर काय बोलत आलो? पाळी, गर्भाशय, बाळंतपण, पाळणा थांबवण्याचं ऑपरेशन, रक्तातलं लोह. हे सगळं बोलणं गरजेचं होतं आणि आहेच. पण सरकारने बाईकडे फक्त मूल होणारं शरीर म्हणून पाहिलं, आणि त्याच्याशी भांडता भांडता आपणही बरीच वर्षं त्याच शरीराभोवती फिरत राहिलो. पाळी गेल्यानंतरची बाई कुणाच्याच यादीत नव्हती. ती काम मात्र करत होती. आणि काम करायला गर्भाशय लागत नाही, गुडघे लागतात.

इथे बसलेल्यांपैकी किती जणींचे गुडघे दुखतात, हात वर करा. बघा. आता किती जणी खाली सतरंजीवर बसल्या आहेत ते बघा. खुर्च्या मागे रिकाम्या आहेत. मीटिंग सुरू होण्याआधी मी एका मावशींना म्हटलं, खुर्चीवर बसा. त्या म्हणाल्या, "राहू द्या, बरं नाही दिसत." हे "बरं नाही दिसत" लक्षात ठेवा, आपण पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

आधी गुडघ्याचं बघू. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात तिथे दोघांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. तो थर झिजला की हाडावर हाड घासतं, सूज येते, पाय आतल्या बाजूला वाकडा होत जातो. वय, वजन, जुनी दुखापत, घराण्यातला कल ही कारणं आहेत. बायकांमध्ये पाळी थांबल्यानंतर हे प्रमाण वाढतं. ज्यांचं काम वर्षानुवर्षं उकिडवं बसून, गुडघे टेकून किंवा ओझी उचलून होतं, त्यांच्यात ते जास्त दिसतं. डॉक्टर हे कारण सांगतात, पण चिठ्ठीवर लिहितात फक्त "वय झालं". फरशी पुसून, मोरीत बसून भांडी घासून, चौथ्या मजल्यावरून कचऱ्याचा डबा उतरवून झिजलेला गुडघा आणि नुसता वयाने झिजलेला गुडघा एक्स-रेमध्ये सारखाच दिसतो. गिरणीत हात गेला तर तो अपघात ठरतो. पण पन्नास हजार वेळा उकिडवं बसून गुडघा गेला तर ते नशीब.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या पाच ठिकाणच्या एका पाहणीत तपासलेल्यांपैकी २८.७ टक्के लोकांना गुडघ्याची झीज आढळली. आपल्याकडच्या सांधेरोपण करणाऱ्या सर्जनांच्या संघटनेने ज्या हजारो ऑपरेशनांची नोंद ठेवली, त्यात गुडघा बदललेल्या दर चार जणांत साधारण तीन बायका आहेत. म्हणजे हा बायकांचाच आजार आहे म्हणायला हरकत नाही. पण ऑपरेशनपर्यंत पोचतात कुठल्या बायका? ज्यांच्या मुलाला कंपनीचा विमा आहे, ज्यांची पेन्शन आहे. आपल्यातल्या बहुतेकींचं "पोरीचं लग्न झालं की बघू", मग "नातवाचं बारसं झालं की बघू" असं चालतं. तोवर पाय धनुष्यासारखा वाकतो.

त्यात डॉक्टरांची नजर. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात एक छान प्रयोग झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. एक पुरुष आणि एक बाई, दोघांचे गुडघे सारखेच झिजलेले, दोघांना तक्रारही सारख्याच शब्दांत सांगायला शिकवलेलं. त्यांना ७१ डॉक्टरांकडे पाठवलं. ६७ टक्के डॉक्टरांनी पुरुषाला गुडघा बदलण्याचा सल्ला दिला, बाईला तो दिला ३३ टक्क्यांनी. दुखणं तेच आणि शब्दही तेच होते. ही गोष्ट श्रीमंत देशातली, जिथे उपचार सरकार देतं. आपल्याकडे तर बाई स्वतःच डॉक्टरला सांगते, "तसं फार नाही हो दुखत." सोबत आलेला मुलगा मान हलवतो आणि गोळ्या घेऊन दोघं घरी येतात.

मी सगळ्यांनी ऑपरेशन करून घ्या असं म्हणत नाही. हे ऑपरेशन शेवटचा उपाय आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूचा रोजचा व्यायाम, थोडं वजन कमी करणं, हातात काठी, उकिडवं बसणं बंद करणं, यावर अनेकींचं पुढची कित्येक वर्षं निभतं. मोफत तपासणीच्या शिबिरात पहिल्याच दिवशी कुणी तारीख द्यायला लागलं, तर घरी या आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. रात्री दुखण्याने झोप येत नाही, चार घरांच्या अंतरावरच्या नळापर्यंत जाता येत नाही, औषध आणि व्यायाम करूनही फरक नाही, तेव्हा ऑपरेशनचा विचार करायचा. तो विचार तुमचा. मुलाचा किंवा सुनेचा सल्ला घ्या, पण गुडघा तुमचा आहे.

ऑपरेशन म्हणजे झिजलेली टोकं कापून त्यावर धातूची टोपी बसवतात आणि मध्ये एका चिवट प्लास्टिकचा तुकडा. आजच्यासारखे सांधे १९७० च्या दशकात अमेरिकेत घडले. आपल्या पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी 'इंडस' नावाचा देशी सांधा तयार केला, आपल्या लोकांच्या बांध्याचा आणि बसण्या-उठण्याचा विचार करून. बसवलेला सांधा किती टिकतो? ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या नोंदींवरून २०१९ मध्ये काढलेला हिशोब असा, की शंभरातले सुमारे ८२ सांधे पंचवीस वर्षं टिकतात. बाजू चांगली आहे. दुसरी बाजूही सांगते, कारण ती जाहिरातीत नसते. ऑपरेशन व्यवस्थित होऊनही शंभरातल्या दहा ते वीस जणांचं दुखणं पूर्ण जात नाही. ही शक्यता आधी विचारून घ्या.

आपल्या देशात हे ऑपरेशन घरोघरी माहीत झालं ते एका पंतप्रधानांमुळे. अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला. ऑपरेशन करायला डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. दुसऱ्या ऑपरेशननंतर साधारण पाच आठवड्यांनी, १४ जुलै २००१ ला, वाजपेयी आग्र्याला मुशर्रफांशी वाटाघाटी करायला हजर होते. कौतुकाची गोष्ट आहे, मी नाकारत नाही. पण कामावर लवकर परतण्याचा हा दाखला लोक देतात तेव्हा मी विचारते, त्या पाच आठवड्यांत त्यांचं जेवण कुणी केलं? पाणी कुणी भरलं? ते आडवे असताना त्यांच्या जागी दुसरं कुणी काम धरलं का? वाटाघाटी खुर्चीवर बसून करतात. फरशी खुर्चीवर बसून पुसता येत नाही.

आता ऑपरेशननंतरच्या दिवसांकडे येते. इथे मी जरा सावकाश बोलणार आहे.

बहुतेक ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या दिवशीच वॉकर देऊन उभं करतात. बायका घाबरतात, घरचे म्हणतात, "अहो, कालच ऑपरेशन झालंय." उभं राहायचंच. पडून राहिलं तर पोटरीतल्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, म्हणून तर रक्त पातळ करणारं औषध देतात आणि पावलं वरखाली हलवत राहायला सांगतात. तीन-पाच दिवसांत घरी सोडतात. बारा ते चौदा दिवसांनी टाके निघतात. दोन-तीन आठवडे वॉकर, मग सहा आठवड्यांपर्यंत काठी, हा साधारण हिशोब. कुणाला कमी लागतं, कुणाला जास्त. सूज आणि गरमपणा तीन ते सहा महिने राहतो, त्याला घाबरू नका. जखमेच्या बाहेरच्या बाजूला चामडी बधिर लागते, तेही नेहमीचं. पण जखमेतून पू किंवा पाणी येणं, ताप, वाढता लालसरपणा, पोटरी घट्ट होऊन दुखणं, यात एक दिवसही थांबायचं नाही. एकदम दम लागला किंवा छातीत दुखलं तर त्याच क्षणी दवाखाना. साखरेचा आजार असणाऱ्यांनी ऑपरेशनच्या आधीपासून साखर आटोक्यात ठेवायची, नाहीतर जखम चिघळते.

गुडघ्याखाली उशी घेऊ नका. घेतली की बरं वाटतं, म्हणूनच सगळ्या घेतात, आणि पाय अर्धवट वाकलेला राहतो. उशी घ्यायचीच तर टाचेखाली. गरम शेक नको, फडक्यात गुंडाळून बर्फ. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. घरात जाताना कानात हे वाक्य घेऊनच जा.

आणि व्यायाम. दिवसातून तीन-चार वेळा, वीस वीस मिनिटं. टाच सरकवत गुडघा वाकवायचा, मांडी आवळून पाय सरळ करायचा, सरळ पाय उचलून धरायचा. हा व्यायाम दुखतो. पहिले सहा आठवडे जो गुडघा वाकवला नाही, तो पुढे वाकवणं फार अवघड जातं. अर्धं ऑपरेशन सर्जन करतो, उरलेलं अर्धं बाईने घरी करायचं असतं.

इथे आपला प्रश्न सुरू होतो. वीस मिनिटं तीन वेळा म्हणजे रोजचा एक तास, फक्त स्वतःच्या पायासाठी. आपल्या घरात बाईला स्वतःसाठी तासभर कधी मिळाला आहे? मी ज्या बायकांना भेटले, त्यांच्यात मला दोन तऱ्हा दिसल्या. एका तऱ्हेच्या घरात बाईला पूर्ण आराम देतात. उचलून ताट हातात, "तू हलू नकोस." माया खरी असते, पण पाय आखडतो. दुसऱ्या तऱ्हेच्या घरात पंधराव्या दिवशी बाई ओट्यापाशी उभी असते, कारण कुणी काही बोलत नसलं तरी भांडी पडलेली दिसतात. दिवसभर उभी राहते, पाय सुजतो, आणि घरचे म्हणतात, "चालतेय की दिवसभर, वेगळा व्यायाम कशाला?" घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे. ओट्यापाशी उभं राहून गुडघा वाकत नाही, नुसता सुजतो.

आणि बाई अंथरुणावर असताना तिचं काम जातं कुठे? नवऱ्याकडे क्वचित. मुलाकडे त्याहून क्वचित. सून असेल तर सुनेकडे, नाहीतर दहावीतल्या मुलीकडे. आईचा गुडघा बदलतो आणि मुलीची शाळा बुडते. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरवताना मी घरातल्या पुरुषांना समोर बसवायला सांगते. पैशाची जुळवाजुळव ते करतात, त्यात मागे नसतात. पण "सहा आठवडे पाणी कोण भरणार, डबे कोण करणार" असं नावानिशी विचारलं की खोली शांत होते. त्या शांततेत उत्तर येईपर्यंत थांबायचं. कागदावर लिहून घ्यायचं.

संडासचं काय? नव्या गुडघ्याने उकिडवं बसायचं नसतं. ब्लॉकमध्ये कमोड असतो. वस्तीत सार्वजनिक संडास, तोही भारतीय बैठकीचा, आणि कित्येक घरांना तो उतार चढून किंवा उतरून गाठावा लागतो. कात्रजला डोंगराच्या अंगावर घरं चढत गेली आहेत. रिक्षा खाली थांबते, वर पायऱ्याच. मध्ये भोक असलेली प्लास्टिकची कमोड खुर्ची मिळते, तिने काम भागतं, पण ती बाहेर नेऊन धुणार कोण, हा पुन्हा तोच प्रश्न. सार्वजनिक संडासाच्या प्रत्येक गाळ्यात बायकांच्या बाजूला किमान एक कमोड आणि धरायला दांडी, ही मागणी आपण नगरसेवकाकडे आजवर केलेली नाही. रस्ता, नळ, दिवे मागितले. ही मागा.

मघाशी म्हटलं ते "बरं नाही दिसत" इथेच येतं. खुर्ची. डॉक्टर सांगतात, मांडी घालून बसू नका, खाली बसू नका. आणि बाई विचारते, सासऱ्यांसमोर खुर्चीवर कसं बसायचं? हळदीकुंकवाला सगळ्या खाली, मी एकटी वर? खुर्चीचा मान पुरुषांचा आणि पाहुण्यांचा, हे इतकं मुरलं आहे की लाखभर रुपयांचा नवा गुडघा घेऊनही बाई सतरंजीवर बसते आणि चौघींनी धरून उठते. "मांडी घालता येईल असा गुडघा" म्हणून जास्त वाकणारे सांधे विकले जातात. अभ्यासांत त्यांचा साध्या सांध्यापेक्षा फारसा जास्त उपयोग दिसलेला नाही. ऑपरेशनआधी तुमचा पाय किती वाकत होता, त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. तेव्हा गुडघा बदलण्याआधी खुर्ची घ्या. ती स्वस्त पडते.

आता कामाचं. डॉक्टरला विचारलं "कामावर कधी जाऊ?" तर ते विचारतात, "घरीच असता ना?" इथून सुरुवात. बसून काम असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे. उभ्याचं, चालण्याचं काम असेल तर आठ ते बारा. ओझ्याचं असेल तर तीन ते सहा महिने, आणि काही कामं पुन्हा करूच नयेत. दोन्ही गुडघे एकदम बदलले तर जास्त. ऑपरेशन किती यशस्वी झालं हे मोजायला इंग्लंडमधली बारा प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात, १९९८ सालची. जिना उतरता येतो का, एकटीला बाजारहाट करता येतो का, गुडघे टेकून उठता येतं का, असे चांगले प्रश्न त्यात आहेत. पण मोरीत बसून दोन तास भांडी घासता येतात का, हे त्यात नाही. जो प्रश्न विचारलाच जात नाही, त्याचं उत्तर कुठल्या अहवालात येणार?

म्हणून आपली यादी आपणच करू. शिवणकाम: पायाच्या मशीनला मोटर बसवून घ्या. भाजी विकणारी: पोत्यावर बसणं बंद, गुडघ्याच्या उंचीपेक्षा वर स्टूल, आणि टोपली डोक्यावर उचलून देणारं कुणी. पोळ्यांची कामं: ओट्यापाशी उभं राहून होतात, तीन महिन्यांनी जमतात, पण घरांची संख्या आधी निम्मी ठेवा. भांडी: सिंक असलेलं घर धरा, मोरीवालं सोडा. कचरा गोळा करणाऱ्या आपल्या मैत्रिणींना लिफ्ट नसलेल्या इमारतींचे जिने हा सर्वांत मोठा त्रास आहे. डबे खाली आणून ठेवायला सोसायट्यांना सांगता येतं, आणि हे एकेकटीने सांगण्यापेक्षा संघटनेने सांगितलेलं बरं. बसने जाणाऱ्यांनी पहिले काही आठवडे गर्दीची वेळ टाळा. उंच पायरीच्या बसमध्ये काठीसकट चढताना पडलेल्या बाईला दुसरं ऑपरेशन लागलेलं मी पाहिलं आहे.

फरशी सगळ्यात अवघड. बसून पुसायची नाही हे ठरलेलं. मग लांब दांडीचा पोछा. तर घरमालकीण म्हणते, "त्याने कोपरे निघत नाहीत." एका सोसायटीत आमची एक मैत्रीण ऑपरेशननंतर साडेतीन महिन्यांनी परतली, पोळ्या, भांडी सगळं करायला तयार होती, आणि तीन घरं या कोपऱ्यांवरून सुटली. विशेष म्हणजे त्यातल्या एका घरातल्या आजींचा गुडघाही बदललेला होता. त्यांना घरात कुणी खाली वाकू देत नव्हतं.

आणि मुख्य भीती काय? खाडा. दोन दिवसांचा खाडा चालतो, तीन महिन्यांचा नाही. दुसरी बाई लागते, आणि दुसरीही आपलीच, शेजारच्या गल्लीतली, तिलाही पोट आहे. १९८० साली पुण्यातल्या घरकामगार बायकांनी संप केला, त्यातून संघटना उभी राहिली. पगाराबरोबर रजेचीही मागणी तेव्हापासूनची आहे. २००८ मध्ये महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणी आहे, काही मदती आहेत, पण आजारपणाच्या पगारी रजेचा हक्क नाही. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय ठराव, १८९ क्रमांकाचा, २०११ मध्ये झाला, भारताने त्याला मंजुरी दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमण्यास सांगितलं. कारखान्यातल्या बाईला राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. ९१ दिवस! जवळजवळ तेवढेच दिवस, जेवढे गुडघ्याला लागतात. एकाच वस्तीत दोन शेजारणी, दोघींचा गुडघा एकाच महिन्यात बदलला, एकीला घरी बसून पैसे आणि दुसरीने उचल घेतलेली, ती व्याजासकट फेडायची.

बदलीची पद्धत आपण बसवू शकतो. बाळंतपणात बायका हे करतातच. बहीण किंवा जाऊ दोन महिने काम सांभाळते आणि परत करते. ते नात्याबाहेर, गटात आणायचं. ऑपरेशनला जाणाऱ्या बाईची घरं गटातल्या दोघीतिघी वाटून घेतात, मालकिणीला आधीच सांगतात की हे काम अमुकीचंच आहे, आम्ही बदलीवर आहोत. पगार बदलीवालीचा, काम मूळ बाईचं. शब्द गटासमोर द्यायचा. भांडणं होणार नाहीत असं मी म्हणत नाही. जास्त पगार देऊन मालकीण बदलीवालीलाच ठेवायला बघते, तेव्हा खरी परीक्षा. पण एकीने शब्द मोडला तर पुढच्या वेळी तिची घरं कोण सांभाळणार, हे तिलाही कळतं.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण त्याचा छापील कागद वाटलेला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. जो नेहमीचा कोबाल्ट-क्रोमचा सांधा सरासरी १,५८,३२४ रुपयांना लावला जात होता, त्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये झाली, कर वेगळा. पुढे आकडे थोडेफार बदलत राहतात, पण मर्यादा आहे हे लक्षात ठेवा आणि बिलात सांध्याची किंमत, कंपनी वेगळी लिहून मागा. मर्यादा फक्त सांध्याला आहे, खोलीला, सर्जनला, तपासण्यांना नाही. त्यामुळे दोन-तीन ठिकाणी पूर्ण खर्च विचारून मगच ठरवा. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुठल्या रुग्णालयात हे ऑपरेशन बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. आरोग्यमित्र हा योजनेचा माणूस, त्याला विचारायचे पैसे नसतात. ससूनमध्ये रांग असते, पण चौकशी तिथेही करा. आणि ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, ही योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला घेऊन धर्मादाय विभागातल्या समाजसेवकाला भेटा. "खाट शिल्लक नाही" असं तोंडी सांगितलं तर लेखी मागा. एकटीने जाऊ नका, दोघी जा.

माझं बोलणं इथे थांबवते, साडेपाचला पाणी येतं हे मला माहीत आहे. जाण्याआधी दोन कामं. दरवाज्यापाशी दोन वह्या आहेत. लाल वहीत ज्यांना येत्या वर्षात ऑपरेशन करायचं आहे त्यांनी नाव, कामाची घरं आणि घरात मदतीला कोण आहे ते लिहायचं. निळ्या वहीत बदलीवर जायला तयार असलेल्यांनी. आत्तापर्यंत लाल वहीत नऊ नावं आहेत, निळीत चार. वापरून झालेले दोन वॉकर आणि एक कमोड खुर्ची मागच्या खोलीत ठेवली आहे, ज्यांना लागेल त्यांनी न्यावी आणि धुऊन परत आणावी. वॉकरची उंची मनगटाइतकी करून घ्यायची असते, ते कसं करायचं ते मी आता दाखवते. आणि मावशी, तुम्ही आधी त्या खुर्चीवर बसा.